दोन पोटांची गाडी आणि तोंडलीची वेल

फार जुनी गोष्ट नाही बाळांनो, गाड्या विजेवर चालायला लागून काही वर्षं झाली होती तेव्हाची. गोदूताईंच्या घरात वरच्या मजल्यावर मुकुंदराव भाड्याने राहत. त्यांची गाडी म्हातारी, आणि तिला पोटं दोन. एक पेट्रोलचं, एक विजेचं. विजेचं पोट भरायला वरच्या खिडकीतून अंगणात वायर सोडलेली असे.

गोदूताईंना ती वायर खुपायची. "मुकुंदराव, माझ्या घराला हे शेपूट नको. दसऱ्याला काढून टाका."

नुसत्या पेट्रोलवर गाडी परवडणार नव्हती. म्हणजे ती विकावीच लागणार. गाडी रडकुंडीला आली.

शेजारी गोदूताईंनी लावलेली तोंडलीची वेल मातीत लोळत होती. ती म्हणाली, "आजी, तुला चाकं तरी आहेत. मला धरायला साधी काठी नाही."

"मग माझी वायर धर की!"

"अगं, मी काय काठी आहे?" वायर फणकारली. "गुदगुल्या होतात मला!"

"होऊ देत," गाडी म्हणाली. "जायच्या आधी कुणाच्या तरी उपयोगी पडू."

वेल चढत गेली. दसऱ्याला मुकुंदराव जड मनाने वायर काढायला आले, तर वायर दिसेचना. नुसती पानं, पांढरी फुलं आणि हिरवीगार तोंडली.

"हात लावू नका!" गोदूताई टोपली घेऊन धावल्या. "माझी वेल तुटेल!"

"अहो, पण मी गाडी विकायला काढलीय."

"विकता कशाला? एवढी वायर इथे राहणार, तर तिच्या टोकाला काहीतरी नको का?"