अकरा किलोमीटर अलीकडे

घाट चढून वर आलं की आंबेपठार नावाचं गाव लागायचं. त्या गावात दोन डिझेल गाड्या होत्या. एक उमाजीनानांची, दुसरी सर्जेरावाची. दोघंही गावची माणसं खाली तालुक्याला नेत आणि संध्याकाळी परत आणत. गाड्या एकाच बनावटीच्या, एकाच सालच्या. तरी नानांची गाडी लिटरला पंधरा किलोमीटर जायची आणि सर्जेरावाची नऊच्या पुढे सरकत नसे.

सर्जेराव म्हणायचा, "नानांचं इंजिन नशीबवान हाय."

ते नशीब नव्हतं. तो पाय होता. नाना झोपलेल्या लेकरावर पांघरूण घालावं तसा अॅक्सिलरेटरवर पाय ठेवत. वळण दुरून दिसलं की आधीच पाय उचलत, म्हणजे ब्रेकची फारशी गरज पडत नसे. इंजिन ओरडायच्या आत वरचा गियर टाकत. उतारावर गाडी गियरमध्येच ठेवून सावकाश उतरू देत. थांब्यावर थांबले की चावी फिरवून इंजिन बंद. दर सोमवारी चारही चाकांची हवा तपासत.

सर्जेरावाचं सगळं उलटं होतं. वळणापर्यंत गाडी दामटायची, तिथं कचकन ब्रेक दाबायचा, वळण संपलं की पुन्हा दामटायची. चहाला उतरला तरी इंजिन घरघरत ठेवायचा. टपावर रिकामा लोखंडी कॅरियर बारा महिने वाजत असायचा. गाडी चालवायला त्याला नानांनीच शिकवलं होतं. पण आता नानांनी काही सांगितलं, तर तो हसून म्हणे, "नाना, गाडी हाकायची का वरात काढायची?"

"डिझेल तुझं, पाय तुझा," नाना म्हणत आणि गप्प बसत.

सर्जेरावाला आक्का नावाची थोरली बहीण होती. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि आक्का सोळा वर्षांची. आलेली स्थळं परत पाठवून तिनं भावाला वाढवलं. त्याच्या ताटात वाढल्याशिवाय ती स्वतः कधी जेवली नाही. ती एकदाच त्याला म्हणाली होती, "सर्जा, तुझ्या गाडीत पोटातलं पाणी ढवळतंय बघ. नानांच्या गाडीत कसा डोळा लागतो."

सर्जेरावाला ते लागलं. पण लागलं म्हणून तो बदलला नाही. उलट त्या दिवसापासून नानांपेक्षा आपण कमी नाही, हे दाखवायची त्याची खोड वाढली.

एका श्रावणात घाटात मोठी दरड कोसळली. तालुक्याचा रस्ता बंद झाला आणि डिझेलचा पंप तर तालुक्यालाच होता. उघडा राहिला तो डोंगराच्या माथ्यावरून जाणारा लांबचा रस्ता. त्या रस्त्यानं अडतीस किलोमीटरवर सरकारी दवाखाना होता. मध्ये पंप नाही, मोठं गाव नाही, फोनला रेंज नाही.

सरपंच हौसाबाईंनी दोघांना बोलावलं. ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या इंजिनासाठी ठेवलेल्या पिंपातलं वीस-वीस लिटर डिझेल त्यांनी दोघांच्या टाकीत ओतलं. म्हणाल्या, "हे गावाचं डिझेल. दरड निघेपर्यंत फक्त आजारी माणसासाठी गाडी काढायची."

नानांनी त्याच दिवशी टपावरचा कॅरियर सोडवून पडवीत ठेवला. पायपंपानं चाकांत हवा भरली. सर्जेराव ते बघत उभा होता. एवढ्यानं काय होतंय, असं त्याला वाटलं.

पहिली खेप सर्जेरावाची. तापानं फणफणलेल्या एका म्हाताऱ्याला त्यानं दवाखान्यात नेलं. बाहेर उकडतंय म्हणून काचा लावून, एसी सुरू ठेवून तो दीड तास गाडीत बसून राहिला. दुसऱ्या खेपेला हात मोडलेल्या एका बाईला सोडलं. परत येताना दरड बघायला म्हणून त्यानं वाट वाकडी केली. सहा-सात किलोमीटरचा फेरा पडला. घरी आला तेव्हा काटा लाल रेघेला टेकला होता.

त्याच संध्याकाळी पारावर नानांनी विचारलं, "सर्जा, टाकीत किती ऱ्हायलंय? कमी असंल तर माझ्यातलं नळीनं काढून देतो. उद्या सकाळी मला बाळंतिणीला घेऊन जायचंय. मागं गावात एक गाडी तयार पाहिजे."

पारावर आणखी माणसं बसली होती. आपल्या टाकीत जेमतेम तीन लिटर उरलंय हे सर्जेरावाला ठाऊक होतं. नानांच्याही दोन खेपा झाल्या होत्या. तरी त्यांच्याकडे द्यायला डिझेल उरलं होतं. चारचौघांत हात पसरायचा, तोही नानांपुढे, हे त्याच्या जिवावर आलं.

"हाय की निम्मी टाकी," तो म्हणाला.

नानांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. "बरं," म्हणाले आणि उठले.

दुसऱ्या दिवशी नाना पहाटेच बाळंतिणीला घेऊन गेले. दहाच्या सुमाराला बांधावर गवत कापताना आक्काच्या पायाला घोणस चावली. लोकांनी तिला उचलून आणलं. पाय सुजायला लागला होता. सर्जेरावानं तिला मागच्या सीटवर निजवलं. शेजारची पारूबाई डोकं धरायला बसली. गाडी सुटली.

सर्जेरावानं काट्याकडे एकदा पाहिलं. मनात म्हणाला, जितक्या लवकर जाईन तितकं बरं. त्यानं पाय दाबला. इंजिन किंचाळू लागलं. मागं काळा धूर सुटला. तो धूर म्हणजे न जळता वाया जाणारं डिझेलच होतं. पण मागं बघायला त्याला सवड कुठली? प्रत्येक वळणावर ब्रेक, प्रत्येक वळणानंतर पुन्हा तळापर्यंत पाय. गाडीबरोबर आक्का गदागदा हलत होती. पारूबाई ओरडली, "अरं, जरा दमानं!"

"दमानं गेलो तर जाईल ती!" सर्जेराव म्हणाला.

सत्तावीस किलोमीटर गाडी धावली. मग तिनं दोन आचके दिले आणि एका चढावर ती थांबली. दवाखाना तिथून अकरा किलोमीटर होता.

सर्जेरावानं चावी फिरवली. पुन्हा फिरवली. खाली उतरून बॉनेट उघडलं, इंजिनात डिझेल चढवायचा हातपंप दाबत राहिला. डिझेलची गाडी कोरडी पडली की नळीत हवा शिरते. मग नुसतं डिझेल ओतूनही ती लगेच सुरू होत नाही. इथं तर ओतायलाही काही नव्हतं. तो रस्त्यानं पुढे धावत सुटला. एका खिंडीपलीकडे दोन घरं दिसली. घरात एक आंधळी म्हातारी आणि चार शेळ्या होत्या. तो तसाच परत पळत आला.

"सर्जा," आक्कानं विचारलं, "गाडी का थांबली रं?"

"इंजिन तापलंय आक्का. निघतोच आता."

"असू दे. तू घाम पूस." थोड्या वेळानं ती म्हणाली, "म्हशीला वैरण टाकायची ऱ्हायली बघ."

सर्जेराव गाडीच्या मागं गेला आणि तोंडात उपरणं कोंबून रडला.

तास होत आला तेव्हा समोरून नानांची गाडी आली. बाळंतिणीला दवाखान्यात सोडून ते एकटेच परत येत होते. त्यांनी काही विचारलं नाही. गाडी वळवली, तिघांनी मिळून आक्काला उचलून आत घेतलं.

"दाबा नाना, दाबा!" सर्जेराव म्हणाला.

नाना सावकाश चालवत नव्हते. एकसारख्या वेगानं चालवत होते. वळणं येत होती, जात होती. गाडी कुठं अडत नव्हती, कुठं धडपडत नव्हती. आक्काचं डोकं सर्जेरावाच्या मांडीवर होतं आणि ते हलतसुद्धा नव्हतं. पंचवीस मिनिटांत दवाखाना आला. आपण तळापर्यंत पाय दाबूनही याच्याआधी पोचलो नसतो, हे सर्जेरावाला उतरताना कळलं. असा पाय ठेवला असता, तर तीन लिटरवरही गाडी दवाखान्याच्या दारात आली असती, हेही कळलं.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी हातात होतं ते सगळं केलं. दुपारी तीनला त्या बाहेर आल्या. म्हणाल्या, "तासभर आधी..." आणि थांबल्या. आक्का गेली होती.

नाना आणि सर्जेराव व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिले. सर्जेराव म्हणाला, "नाना, मी तुमच्याशी खोटं बोललो. निम्मी टाकी नव्हती."

"ठावं होतं मला," नाना म्हणाले.

सर्जेरावानं मान वर केली.

"तुझी गाडी किती पिते ते मला ठावं न्हाई व्हय? चारचौघांत तुला कमीपणा नको, म्हणून मी गप बसलो. घरी येऊन गुपचूप ओतून जायचं होतं. ते पण केलं न्हाई. ऱ्हाऊन गेलं." नानांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तुझ्या एकट्याच्या माथी न्हाई सर्जा ह्ये."

दोघं एकमेकांच्या खांद्याला धरून रडले. आत पारूबाई आक्काचे केस विंचरत होती.

दोन दिवसांनी दरड हटली. रस्ता खुला झाला. पंपावर हवं तेवढं डिझेल मिळू लागलं.

सर्जेराव महिनाभर गाडीकडे फिरकला नाही. मग एके दिवशी त्यानं टपावरचा कॅरियर काढला, चाकांत हवा भरली आणि गाडी बाहेर काढली. त्यानंतर त्याचं इंजिन कुणी ओरडताना ऐकलं नाही. त्याच्या गाडीत माणसांचा डोळा लागू लागला. टाकी अर्ध्यावर आली की तो भरून घेई. नव्या ड्रायव्हरांना शेजारी बसवून पाय कधी उचलायचा ते शिकवी. कुणी थट्टा केली तरी तो गप्प बसत नसे. पुन्हा सांगे, तिसऱ्यांदा सांगे.

चार वर्षांनी तालुक्याला डिझेल बचतीची स्पर्धा झाली. प्रत्येक गाडीला एक लिटर डिझेल दिलं. सर्जेरावाची गाडी सगळ्यांत लांब गेली, सतरा किलोमीटर. त्याला व्यासपीठावर बोलावून हार घातला. पुढाऱ्यांनी कौतुक केलं. हातात माईक देऊन ते म्हणाले, "सर्जेराव, ही कला तुम्ही कशी शिकलात, ते दोन शब्दांत सांगा."

सर्जेरावानं माईक तोंडाजवळ धरला. समोर पहिल्या रांगेत नाना बसले होते. त्यांनी मान खाली घातली.

"उशिरा शिकलो," सर्जेराव म्हणाला आणि खाली उतरला.

टाळ्यांसाठी उचललेले हात लोकांनी तसेच मांडीवर ठेवले.

तात्पर्य: जे जपून वापरायचं ते भरपूर असतानाच जपावं आणि कमी पडलं तर मोकळेपणानं मागावं. टाकी कोरडी पडल्यावर आलेलं शहाणपण जगाच्या उपयोगी पडतं, पण गेलेलं आपलं माणूस परत आणत नाही.