चुन्याखालच्या सावल्या

फार उंच डोंगरावर एक राज्य होते, आणि तिथल्या राजाचा राग लोकांना आधी कानांनी कळत असे. तो रागावण्याच्या क्षणभर आधी राजवाड्यावरचे पारवे घुमायचे थांबत. वारा पडे. मग राजा बोलू लागे.

त्याच्या रागापुढे माणसे दोनच गोष्टी करत. काही जण त्याच्याहून मोठ्या आवाजात उलट बोलत, काही जण हातातले काम टाकून पळत सुटत. दोघेही महाद्वारातून बाहेर पडताना पहारेकऱ्याला दिसत, पण डोंगराखालच्या गावात कोणीच पोहोचत नसे. मागे राही ती फक्त सावली, चौकातल्या पांढऱ्या भिंतीवर. उलट बोललेल्यांचे तोंड उघडे असे. पळालेल्यांची पाठ दिसे. आचाऱ्याच्या सावलीच्या हातात अजून झारा होता.

राजा भिंतीला चुना लावून घेई. दोन दिवसांनी ओल यावी तशा सावल्या चुन्यातून वर येत.

त्याच भिंतीच्या पायाशी घटका मोजणारी बाई बसे. पाण्याने भरलेल्या घंगाळात ती तांब्याची वाटी तरंगत ठेवी. वाटीच्या बुडाला सुईच्या टोकाएवढे भोक होते. वाटी हळूहळू भरून बुडाली, की एक घटका झाली. बाई टोला देई, वाटी उपसून लगेच पुन्हा पाण्यावर ठेवी. एवढेच काम, पण त्यातून उठून चालत नसे. एक वाटी बुडालेली दिसली नाही, तर सगळ्या दिवसाची मोजणी तुटे.

हे काम आधी तिचा धाकटा भाऊ करी. दोन वर्षांपूर्वी राजा त्याच्यावर ओरडला आणि तो पळाला. त्याची सावली तिच्या डोक्याच्या अगदी वर होती, पाठमोरी, एक पाय उचललेला. रोज कामाला बसण्याआधी बाई त्या उचललेल्या पायाला बोट लावी. भिंत तेवढ्याच जागी थंड लागे.

राजकन्येचे लग्न ठरले. मुहूर्त दिवसाच्या सोळाव्या घटकेचा निघाला. पाहुण्यांना सावल्या दिसू नयेत म्हणून राजाने आदल्या संध्याकाळी भिंतीला चुन्याचे तीन हात देवविले.

लग्नाच्या दिवशी अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टके संपली. भटजींनी ती पुन्हा पहिल्यापासून म्हटली, तीही संपली. वाटी तरंगतच होती. शेवटी भटजींची नजर अंगणातल्या दीपमाळेकडे गेली. तिची सावली फरशीवर आखलेली मुहूर्ताची रेघ ओलांडून वीतभर पुढे सरकली होती. ते गप्पच राहिले असते, पण नवरदेवाच्या मामांनी विचारले, आणि मुहूर्त टळल्याचे सांगावे लागले.

बाईने झटकन वाटी उचलली. भोकात चुन्याची कपची अडकली होती. तिने वर पाहिले. भावाच्या पायाच्या जागी भिंतीचा पोपडा निघाला होता. सकाळी तिने बोट लावले, तेव्हाच ती कपची घंगाळात पडली असणार, आणि नेमकी या घटकेला भोकात शिरली. तिने ती मुठीत ठेवली, दीपमाळेच्या सावलीवरून वेळ धरली आणि वाटी पुन्हा पाण्यावर सोडली.

पारवे गप्प झाले.

पहारेकरी तिच्या कानाशी वाकला. "अक्का, पळा. भिंतीवर पाठच बरी दिसते. आ वासलेलं तोंड जन्मभर कुणी बघायचं?"

राजा तिच्यापुढे येऊन उभा राहिला. तिने मुद्दाम लग्न मोडले, असे तो म्हणाला. मग तिच्या बापाला बोलला, तिच्या हातांना बोलला. आणि शेवटी म्हणाला, "पळपुट्याची बहीण ती."

बाईच्या घशाशी उत्तर आले. चुना कोणी लावायला सांगितला, असे ती विचारणारच होती. तिचे ओठ उघडले मात्र, तिच्या डोक्यावरच्या ताज्या चुन्यात नखाएवढा करडा डाग उमटला. भीतीने बाईचे गुडघे उचलले गेले, तसा डाग महाद्वाराच्या दिशेने सरकला.

तिने ओठ मिटले. गुडघे टेकले. डाग होता तिथे थांबला.

"महाराज, चूक झाली," ती हळू आवाजात म्हणाली. "वाटीचं भोक मी बघायला हवं होतं, बघितलं नाही. पण आता ही वाटी पाण्यात आहे. मी उठले तर संध्याकाळचा गोरज मुहूर्तही हुकेल. मी इथेच आहे. तुम्ही बोला."

राजा बोलला. खूप बोलला. बाईची नजर वाटीवर होती आणि कान त्याच्याकडे. आजवर कोणी थांबलेच नव्हते, त्यामुळे त्याचा राग कुठे संपतो हे राजालाही ठाऊक नव्हते. तो राग वाटी बुडण्याच्या थोडा आधी संपला. राजा तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणत होता, आणि ते त्याच्या स्वतःच्या कानावर पडले.

वाटी बुडाली. बाईने टोला दिला. राजा पायरीवर बसला.

"उशीर कशानं झाला?" त्याने विचारले.

बाईने मूठ उघडली. "चुना, महाराज. रोज भावाच्या सावलीला बोट लावते. आज चुना ओला होता."

राजाने कपचीकडे पाहिले, मग भिंतीकडे. उठून त्याने पोपडा निघालेल्या जागी बोट ठेवले.

"थंड आहे," तो म्हणाला.

त्याने भिंतीवरचा सगळा चुना खरवडायला लावला. खालची एकेक सावली ओळखून तो तिला नावाने हाक मारत गेला. आवाज इतका हळू, की लोकांना कान द्यावे लागले. महाद्वार उघडे ठेवा, असे त्याने पहारेकऱ्याला सांगितले.

संध्याकाळी गाई परतू लागल्या. वाटेवर धूळ उठली आणि त्या धुळीतून माणसे चालत वर आली. सगळ्यांत पुढे झारा घेतलेला आचारी होता. गोरज मुहूर्तावर अक्षता पडत असतानाच बाईशेजारी कोणीतरी धापा टाकत येऊन उभे राहिले. जणू त्याने आत्ताच पळायला सुरुवात केली होती.

"ताई, वाटी बुडाली का गं?"

किती वर्षे झाली, हे तिने त्याला त्या दिवशी सांगितले नाही. "बस," ती म्हणाली. "पुढची तू मोज."

भिंत आता स्वच्छ आहे. फक्त घंगाळाच्या वर नखाएवढा करडा डाग उरला आहे. त्यावर चुना लावायचा नाही, अशी राजाची आज्ञा आहे. अजूनही अधूनमधून पारवे गप्प होतात. मग राजा त्या डागाकडे बघतो, आणि एक वाटी भरून बुडेपर्यंत काही बोलत नाही.

तात्पर्य एवढेच: मोठ्या माणसाच्या रागाला रागाने उत्तर देऊ नये आणि त्याला भिऊन आपली जागाही सोडू नये, आपली चूक कबूल करून शांतपणे थांबणाऱ्याचेच खरे बोलणे शेवटी ऐकले जाते.