तलवारीचं वय

फार वर्षांमागे एका राजाच्या शस्त्रागारात मोरोक्कोहून आलेली एक तलवार होती. “मी हजार वर्षांची!” असं ती सगळ्यांना सांगे, आणि पात्यावरचा कारागिराचा शिक्का गंजाखाली झाकून ठेवी.

एकदा राजाने हुकूम काढला, “बनावट शस्त्रं वितळवा.” तपासणीला भिंग आलं.

“बाई, अशी वळणदार मूठ हजार वर्षांपूर्वी घडतच नव्हती,” भिंग म्हणालं. “तू बनावट दिसतेस.”

तलवारीचं पाणी पाणी झालं. शेवटी ती हळूच म्हणाली, “पात्यावरचा गंज खरवडून बघा.”

खाली शिक्का निघाला. भिंगाने तो निरखला. “हा तर दोनशे वर्षांपूर्वीचा!”

“मग मला भट्टीत टाकणार?”

“कशाला? हजार वर्षांची म्हणून तू खोटी होतीस. दोनशे वर्षांची म्हणून अस्सल आहेस.”