सोमवारची पाहणी

धानोलीच्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या वैजयंता मडावी पाचव्यांदा मंत्रालयात आल्या होत्या. तालुक्याच्या अर्थव्यवस्थेचा अभ्यास तिथल्याच मुलामुलींनी करावा, त्यांना त्यासाठी तयार करावं, एवढ्यासाठी त्या सरकारी अनुदान मागत होत्या. दर खेपेला एखादा नवा कागद कमी पडायचा. आता वाद घालायचंही त्राण उरलं नव्हतं.

या वेळी उपसचिव रणदिव्यांनी एक जाडजूड अहवाल पुढे सरकवला. "मॅडम, तुमच्या तालुक्याचा अभ्यास मुंबईच्या तज्ज्ञांनी केलाय. धानोलीत व्यापार जवळजवळ शून्य. तुम्ही आणखी काय शोधणार?"

"पाहणी कुठल्या वारी झाली, साहेब?"

रणदिव्यांनी पान उलटलं. "सोमवारी."

"मग अहवाल बरोबर आहे," वैजयंताबाई म्हणाल्या. "आमचा बाजार गुरुवारी भरतो. छत्तीस गावं येतात. कुठल्या वारी मोजायचं हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना कसं मोजायचं ते शिकवायला अनुदान मागतेय."

रणदिव्यांनी अहवाल मिटून बाजूला ठेवला. मग त्यांनी फाइल ओढली आणि सही केली.

वैजयंताबाईंना हसूही आलं नाही. बाहेरच्या बाकावर त्या टेकल्या, मंजुरीचा कागद मांडीवर ठेवला आणि त्यांनी डोळे मिटले.