सारसाच्या डोळ्यातला ठिपका

एका राज्यात राजाला वाघ पाहायची फार हौस, आणि रानात जायची फार भीती. म्हणून वज्रसेन राजाने एक चित्रकार पदरी ठेवला. त्याचं नाव भानुमित्र. दिवसचे दिवस तो झुडपाआड बसे, जनावर निरखे, मगच ते महालाच्या भिंतीवर उतरवी. त्याची रीत अशी, की डोळा शेवटी, आणि डोळ्यातला पांढरा ठिपका सर्वांत शेवटी.

एकदा एका मांत्रिकाने त्याला शंखाची पूड दिली. "हिचा ठिपका दे. चित्र जिवंत होईल." पुढचं काही विचारायचं भानुमित्राला सुचलं नाही.

त्याने वाघ, सांबर आणि सारस पक्षी रंगवला. ठिपका पडताच चित्रं श्वास घेऊ लागली. दरबार धन्य धन्य म्हणाला.

त्याची बायको केतकी, लग्नाला तीन महिने झालेली, त्याला रंग घोटून देई. डिंक आणायला ती तळ्याकाठी गेली, तर सारसाची मादी एकटीच उभी. दाण्यापाण्याला शिवत नव्हती.

मादी म्हणाली, "तुझ्या नवऱ्याने ठिपका दिला, त्या क्षणी माझा जोडीदार शेजारून नाहीसा झाला. तो भिंतीत आहे. वाघही, सांबरही."

"सुटका कशी?"

"ज्याने ठिपका दिला, त्यानेच अंगठ्याने पुसावा. एका दिवशी एकच पुसता येईल. जनावर परतेल, चित्र जाईल. मी तिसऱ्या मावळतीपर्यंत तग धरीन. त्यापुढे नाही."

केतकीने घरी येऊन सारं सांगितलं. भानुमित्राने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं.

"पुसतो," तो म्हणाला.

"आधी सारस पुसा."

"सारस शेवटी. त्याहून चांगलं माझ्या हातून काही झालं नाही."

"अहो, ती उपाशी उभी आहे."

"तीन दिवस म्हणाली ना?"

ते खरंच होतं, म्हणून केतकी गप्प बसली. ते गप्प बसणं तिला पुढे जन्मभर टोचलं.

पहिल्या दिवशी वाघ भिंतीतून सुटून रानात गेला. राजाची हौस एव्हाना फिटली होती; तो म्हणाला, "छान. उजेड वाढला." दुसऱ्या दिवशी सांबर गेलं. ते राजाच्या लक्षातही आलं नाही.

तिसऱ्या सकाळी भानुमित्राने अंगठा उचलला, आणि खाली घेतला. "आजचा दिवस पाहून घेतो. मावळायच्या आत पुसतो."

"माझ्याकडे इतकं पाहिलं असतंत, तर मी लाजून भिंतीत शिरले असते," केतकी म्हणाली. तो हसला, पण उठला नाही. "मी तळ्यावर जाते. तुम्ही पुसताय, एवढं तिला सांगते."

दुपार कलली. तिरप्या उन्हात सारसाची तांबडी मान अशी उजळली, की भानुमित्र पाहतच राहिला. सेवक दिवा घेऊन आला, तेव्हा तो दचकला. त्याने घाईने ठिपका पुसला. सारस भिंतीतून सुटला, खिडकीतून उडाला. भानुमित्र मागोमाग धावला.

तळ्यावर मादीची मान केतकीच्या मांडीवर होती.

"मावळेपर्यंत वाट पाहिली तिने," केतकी म्हणाली. "मी सांगत होते, येतोय म्हणून."

पुडीची जादू उतरली. रानात डरकाळी घुमू लागली, राज्य सुखी झालं. भानुमित्राने पुढेही पुष्कळ प्राणी रंगवले, पण डोळ्यात ठिपका कधी दिला नाही.

सारस मात्र रोज मावळतीला तळ्यावर एक हाक देतो. मग जोडीदाराची हाक मावेल एवढी जागा सोडतो, आणि दुसरी देतो.