एका घटकेचा पट

एका राज्यात राजा होता, प्रजा होती, घरोघरी मुलं होती. पण त्या मुलांना हसू नव्हतं. कालभृंग नावाच्या मायावीचा दरबारात अपमान झाला होता. जाताना तो शाप देऊन गेला, "एकाच हाताने रचलेला खेळ या दरबारात आरंभापासून शेवटापर्यंत खेळला जात नाही, तोवर या राज्यातलं एकही मूल हसणार नाही." शापासोबत त्याने एक शिसवी पेटीही ठेवली. खेळ रचणाऱ्याने मागावं आणि पेटीने द्यावं, असा तिचा गुण; मागत सुटला की मागणाराच दगड व्हावा, असा तिचा दोष.

तीन थोर कारागीर पुढे आले. पहिल्याने पटावर सात पर्वत उभे केले, दुसऱ्याने सात समुद्र भरले, तिसऱ्याने सहस्र दारांचं नगर वसवलं. खेळ कोणाचाच संपेना. तिघेही जागच्या जागी दगडाच्या सोंगट्या झाले. त्यांना दरबाराच्या दाराशी उभं केलं, तर लोक त्यांच्या डोक्यांवर पागोटी ठेवू लागले.

त्याच नगरात तरला नावाची रंगारीण होती. सकाळभर ती राजवाड्याचं सूत रंगवी. तिची लेक बकुळा नऊ महिन्यांची झाली, दोन दात आले, रांगू लागली. पण हसली एकदाही नाही. तरला गुदगुल्या करी, तोंडं वेडीवाकडी करी. बकुळा न्याय द्यायला बसल्यासारखी तिच्याकडे बघत राही.

शेवटी तरला राजापुढे उभी राहिली.

"महाराज, खेळ मी रचते."

"वेळ किती तुझ्यापाशी?"

"दुपारी मूल निजतं तेवढा. रोज एक घटका."

राजाने तिला पेटी दिली, आणि घटिकापात्रही दिलं : तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. पाण्यावर सोडली की ती हळूहळू भरे, आणि बुडाली की घटका भरली. घरी जाताना तरलाच्या मनात एकच : थोरांच्या निदान सोंगट्या झाल्या, आपला मेला पाटा-वरवंटा होईल.

तिने बकुळाचं जुनं दुपटं घेतलं. त्यावर पाच घरं रंगवली, मुंगी म्हणून एक चिंचोका ठेवला. मुंगीला वारुळात न्यायचं, एवढाच खेळ. मग तिची तिलाच लाज वाटली. राजाच्या दरबारात मुंगी? तिने पेटीकडे हत्ती मागितला.

पेटीने हत्ती दिला. बोटभर उंच, खरा, कान हलवणारा. पटावर तीन फेऱ्या मारून तो म्हणाला, "बाई, वनाशिवाय हत्ती कसा?"

दुसऱ्या दुपारी तिने वन मागितलं. पट दुपट्याबाहेर गेला, ओसरीभर साग उभे राहिले. वन म्हणालं, "नदीशिवाय वन कसं?"

तिसऱ्या दुपारी नदी आली. निळी, खळाळती, तिच्यात मासे, आणि एकेका माशाच्या पोटात एकेक चंद्र. तरला बघतच राहिली. आपल्या हातून असं काही होईल, हे तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. वाटी बुडाली ती तिला ऐकू आली नाही. नदी पाळण्याखालून वळली, बकुळा जागी होऊन रडू लागली. तरला उठायला गेली, तर पाऊल उचलेना. पायाचा अंगठा दगडाचा झाला होता.

वळचणीला साळुंकी बसली होती. ती बोलली, "काय गं रंगारणी, काम किती उरलं?"

"शंभर वर्षांचं असेल."

"तोवर लेकीने हसायला थांबायचं? घटका किती तुझी?"

"एक."

"मग पट केवढा?"

तरलाने दुपट्यावरची पाच घरं मोजली. मग हळूच म्हणाली, "दिलेलं पेटी परत घेते का?"

"घेते की. तोंडाने मागितलंस, तोंडाने परत कर. शेवटी मागितलेलं आधी."

तरला नदीला म्हणाली, "बाई, तू सुंदर आहेस, पण माझ्या घटकेत मावत नाहीस." नदी गेली. वनाला म्हणाली, "तुझी सावली गोड, पण मावत नाहीस." वन गेलं. हत्ती मात्र हलेना.

"माझं काय चुकलं?"

"काही नाही रे, राजा," म्हणत तरलाने त्याच्यापुढे बोट धरलं. हत्तीने सोंड तिच्या बोटाला लावली आणि आपल्या पायांनी पेटीत शिरला. अंगठा मऊ झाला. तिने उठून लेकीला उचललं.

पुढच्या सात दुपारींत खेळ पुरा झाला. आठव्या दिवशी दरबारात तिने दुपटं अंथरलं, चार कवड्या ठेवल्या, घटिकापात्र पाण्यावर सोडलं.

"वाटी बुडायच्या आत मुंगी वारुळात गेली पाहिजे, महाराज."

प्रधान पुढे वाकला. "इतकंच? अगं, एखादा हत्ती तरी घाल. दरबाराची काही शोभा?"

पेटीचं झाकण आपोआप उघडलं. आतून ओळखीची सोंड हलली. तरलाचा अंगठा गार पडू लागला. हो म्हणायला ओठ उघडलेही. तेवढ्यात कडेवरच्या बकुळाने तिचे केस ओढले.

"नको," ती म्हणाली. शब्द पुरा निघाला. "पाच घरं आहेत. पाचच." तिने झाकण लावलं आणि मुलीसकट पेटीवर बसली.

राजाने कवड्या टाकल्या. चिंचोक्याला सहा पाय फुटले आणि मुंगी चालू लागली. तिसऱ्या घरात एक थेंब रंगवला होता, त्यावरून ती मागे घसरली. राजा सिंहासनावरून उतरून उकिडवा बसला. वाटी काठापर्यंत भरली. सगळ्या दरबाराने श्वास रोखला. राजाने पुन्हा कवड्या टाकल्या, चारही उताण्या पडल्या, मुंगी वारुळात शिरली, आणि त्याच क्षणी वाटी बुडाली. डुबुक!

"पुढे काय?" राजाने विचारलं.

"पुढे काही नाही, महाराज. संपला."

त्या दरबारात 'संपला' हा शब्द कोणी कधी उच्चारला नव्हता. मुंगीच्या पावलांचा आवाज यावा अशी शांतता पसरली. त्या शांततेत वाटी बुडाल्या जागी उठणारे बुडबुडे बघत बकुळा हसली. दोन्ही दात दाखवून, खळखळून. मग राजवाड्यामागच्या गल्लीत एक मूल हसलं, मग पेठेत, मग वेशीपलीकडे. जणू नगरभर घुंगरं सुटली.  तरला नुसती ऐकत राहिली.

दाराशी तिन्ही दगडांनी श्वास घेतला. तिसऱ्याने डोक्यावरचं पागोटं काढून विचारलं, "हे कोणाचं?" तरलाने उठून पेटी उघडली, तर रिकामी.

राजा अजून उकिडवाच होता. म्हणाला, "परत मांड."

तरलाने वाटी पुन्हा पाण्यावर सोडली. लेकरं हसली, राज्य हसलं. पट पाच घरांचा, कहाणी एका घटकेची; वाटी बुडाली, कहाणी सरली.