हिवरगडचा सगळ्यांत मोठा नट

हिवरगड संस्थानाचा कारभार दोन महिने ठप्प होता, कारण इंग्रजी सिनेमातला सगळ्यांत मोठा नट कोण, हेच ठरत नव्हतं!

राजे उदाजीराव, दिवाण त्रिंबकपंत आणि सेनापती हैबतराव हे तिघे बालमित्र. दर शनिवारी राजवाड्यातल्या थिएटरात सगळ्या दरबारासह ते सिनेमा बघत. राजांचा जीव तलवारबहाद्दर नटावर. दिवाणजींना उंच टोपी घालून हळू बोलणारा आवडे. सेनापतींच्या मते घोड्यावरचा पिस्तूलवाला सोडून बाकी सगळा भाजीपाला!

"तुमचा टोपीवाला बाईसमोर नुसते उसासे टाकतो!" सेनापती म्हणाले.

"आणि तुमच्या पिस्तूलवाल्यापेक्षा त्याचा घोडा बरा अभिनय करतो!" दिवाणजी म्हणाले.

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. फायली धूळ खात पडल्या.

शेवटी राजे कडाडले, "येत्या शनिवारी कुणीतरी असं नाव सांगा, जे आम्हां तिघांनाही मान्य होईल. पुरावा डोळ्यांदेखत हवा! नाहीतर थिएटरला कुलूप आणि तिथले दहाही नोकर घरी!"

दरबारात सगळे आपापले जोडे न्याहाळू लागले. तेव्हा विडे देणारी गुणाबाई पुढे झाली. त्या दहांत ती होती, आणि मशीन चालवणारा तिचा नवराही होता. अकरा वर्षं ती पानांचं तबक घेऊन पडद्याशेजारी उभी राही. विड्यासाठी कुणाचा हात वर होतो ते बघायचं, म्हणून तोंड कायम लोकांकडे.

"मी सांगते, सरकार."

"तू?" दिवाणजी म्हणाले. "तू एकही सिनेमा पाहिलेला नाहीस!"

"म्हणून तर मी कुणाच्याच बाजूची नाही. फक्त शिक्षा न करण्याचं वचन द्या, आणि शनिवारी सरकारांची खुर्ची उलटी ठेवा. पडद्याकडे पाठ, माणसांकडे तोंड."

राजांनी वचन दिलं. शनिवारी खुर्ची फिरली, सिनेमा सुरू झाला.

राजे बघत राहिले. दिवाणजी बसल्या बसल्या झोपले होते. तलवारी खणखणल्या तसे दचकून उठले आणि म्हणाले, "वा! काय बोलला!" पडद्यावर कुणीच बोललं नव्हतं. नायिका निघून गेली तेव्हा सेनापती फेट्याच्या शेवाने डोळे पुसत होते. मग विदूषक हौदात पडला. एरवी अशा प्रसंगाला थिएटर हसण्याने दणाणे. आज कुणीच हसेना. सगळे राजांच्या तोंडाकडे बघत गंभीर बसले होते.

तेवढ्यात राजांना शिंक आली.

सगळं थिएटर खो खो हसलं!

"थांबवा!" राजे ओरडले. दिवे लागले. "आमच्या शिंकेला हसता?"

"सरकार, इथे इंग्रजी कुणालाच येत नाही," गुणाबाई म्हणाली. "आपण हसलात की हे हसतात; आज शिंकेलाच हसू समजले. पडद्यावरचे नट एकदाच काम करतात. हे अकरा वर्षं दर शनिवारी करतायत, तालमीशिवाय!"

दिवाणजींचा चेहरा उतरला.

"बरं," राजे दबक्या आवाजात म्हणाले, "मग यांतला सगळ्यांत मोठा कोण?"

"इंग्रजी येत नसताना जो सगळ्यांच्या आधी हसतो, आणि त्याला सगळं कळतंय असं अख्ख्या दरबाराला वाटतं, तो!"

राजांनी स्वतःच्याच छातीवर बोट ठेवलं.

"म्हणजे... आम्ही?"

"दिवाणसाहेबांना आणि सेनापतींना विचारा, सरकार."

दोन महिन्यांत पहिल्यांदाच दोघे एका दमात म्हणाले, "मान्य!"

"आणि सरकारांना?" गुणाबाईने विचारलं.

राजांनी बराच वेळ मिशीला पीळ दिला. मग खुर्ची हलेपर्यंत हसले. "मान्य! आम्हांलाही मान्य! माग काय हवं ते!"

"दहाही जणांची नोकरी, सरकार. आणि इंग्रजी समजावून सांगणारा एक मास्तर."

मास्तर आठवड्याभरात रुजू झाला. गुणाबाईला वर सोन्याच्या पाटल्या मिळाल्या, आणि त्या तिच्या हातात राजांनी दिवाण आणि सेनापती या दोघांकडून एकेक करून चढवून घेतल्या.